रक्त थांबवायचं की गाठ काढायची?

जठरातली गाठ दुखून आपली वर्दी देईल, अशी पुष्कळांची समजूत असते. प्रत्यक्षात अनेकदा ती आधी रक्ताच्या रिपोर्टात दिसते. साठीपुढच्या माणसाला दोन जिने चढताना धाप लागायला लागते, चेहरा पांढुरका पडतो, घरचे म्हणतात ‘वय झालं आता’. मग कुणीतरी हिमोग्लोबिन तपासायला सांगतं आणि ते सात-आठ निघतं. लोहाच्या गोळ्या सुरू होतात. पेच इथेच पडतो. लोहाच्या गोळ्यांनीही शौचाला काळं होतं, त्यामुळे आतल्या रक्तस्रावाचा काळेपणा गोळ्यांच्या नावावर खपून जातो. खरं तर दोन्हींत फरक असतो. जठरात सांडलेलं रक्त आतड्यांतून खाली येईपर्यंत बदलतं आणि शौचाला डांबरासारखं चिकट, चकचकीत, उग्र वासाचं होतं. गोळ्यांनी ते नुसतं काळपट-हिरवट होतं. पण हे नीट पाहणार कोण, आणि पाहिलं तरी डॉक्टरांना सांगणार कोण? आपल्या घरांत या गोष्टी मोकळेपणाने बोलल्या जात नाहीत आणि त्यापायी महिनेच्या महिने वाया जातात.

वरच्या पचनमार्गातून होणाऱ्या रक्तस्रावाची मोठी कारणं दोन. एक अल्सर, दुसरं, यकृताच्या आजारात अन्ननलिकेत फुगणाऱ्या शिरा. गाठींचा वाटा लहान आहे, साधारण शंभरात पाचच्या आसपास. मात्र या पाच जणांवर उपचार करताना डॉक्टरांचा जो कस लागतो, तो उरलेल्यांपैकी बहुतेकांच्या बाबतीत लागत नाही. याचं कारण समजून घेतलं, की दुर्बिणीच्या उपचारांची ताकद आणि मर्यादा दोन्ही कळतात.

या आजाराची एक जुनी, प्रसिद्ध नोंद आहे. 5 मे 1821 रोजी सेंट हेलेना बेटावर नेपोलियनचा मृत्यू झाला. दुसऱ्या दिवशी शवविच्छेदन झालं, तेव्हा त्याच्या जठरात मोठा व्रण आणि कॉफीच्या चोथ्यासारखा काळा द्रव आढळला. 2007 मध्ये काही पॅथॉलॉजिस्टांनी ते जुने अहवाल आजच्या ज्ञानाच्या आधारे पुन्हा वाचले. जठराचा बराच पुढे गेलेला कर्करोग आणि अखेरीस पोटातला मोठा रक्तस्राव, असा निष्कर्ष त्यांनी काढला. त्याच्या उशापाशी डॉक्टर होते, औषधं होती. जठरात डोकावायचं साधन मात्र जगात कुणाकडेच नव्हतं.

ते साधन यायला आणखी जवळपास अर्धशतक लागलं. 1868 मध्ये जर्मनीतल्या फ्रायबुर्गमध्ये अ‍ॅडॉल्फ कुसमाउल यांनी तलवार गिळण्याचे खेळ करणाऱ्या एका कलाकाराच्या घशातून सरळ, ताठ नळी जठरापर्यंत उतरवली. सामान्य रुग्णाला ते सोसणं शक्य नव्हतं आणि आत उजेडही पुरेसा पोचत नव्हता. 1932 मध्ये रुडॉल्फ शिंडलर यांनी थोडी वाकणारी दुर्बीण आणली. खरी कोंडी फुटली ती काचेच्या तंतूंमुळे, आणि या गोष्टीत आपल्या देशात जन्मलेला एक माणूस आहे. पंजाबातल्या मोग्याचे नरिंदर सिंग कपानी लंडनच्या इम्पीरियल कॉलेजात हॅरोल्ड हॉपकिन्स यांच्या हाताखाली संशोधन करत होते. केसासारख्या बारीक काचतंतूंच्या जुडीतून प्रतिमा वाकवून नेता येते, हे दाखवणारा त्यांचा लेख 1954 च्या जानेवारीत ‘नेचर’मध्ये आला. तो वाचून बेसिल हिर्शोविट्झ नावाचे दक्षिण आफ्रिकेतले तरुण डॉक्टर लंडनला जाऊन त्या दोघांना भेटले. पुढे अमेरिकेत मिशिगन विद्यापीठात सहकाऱ्यांसह त्यांनी तंतूंची लवचिक दुर्बीण तयार केली आणि 1957 मध्ये ती आधी स्वतःच्याच घशात घातली. कपानींना 2021 मध्ये मरणोत्तर पद्मविभूषण मिळालं. भारतातल्या कुठल्याही एंडोस्कोपीच्या खोलीत त्यांचं नाव लावायला हरकत नाही, इतकं त्यांचं ऋण मोठं आहे.

आजच्या दुर्बिणीत ते तंतू प्रतिमा नेत नाहीत. टोकाला छोटा कॅमेरा असतो आणि चित्र पडद्यावर येतं. नळी साधारण करंगळीएवढी जाड, मीटरभर लांब. मुठीतल्या चाकांनी तिचं टोक इतकं वळवता येतं, की ते मागे फिरून स्वतःचीच नळी पाहू शकतं. जठराचा वरचा घुमट असा मागे वळूनच तपासावा लागतो. उपचाराच्या दृष्टीने यापेक्षाही महत्त्वाची गोष्ट म्हणजे नळीच्या पोटातून जाणारा तीन-चार मिलिमीटर रुंदीचा बोगदा. सुई, चिमटा, क्लिप, सुरी, पावडर, जे काही आत न्यायचं ते या वाटेने. पोटावर एकही छेद न घेता जठराच्या आत शस्त्रक्रिया होते ती या एवढ्याशा वाटेच्या जोरावर.

रक्ताची उलटी झालेला रुग्ण आला, की नातेवाइकांना वाटतं, ताबडतोब दुर्बीण घालायला हवी. तसं नसतं. पहिला तास शिरेतून सलाईन, रक्तदाब सावरणं, रक्ताचा गट जुळवणं आणि आम्ल कमी करणारं इंजेक्शन यांचा. हाँगकाँगमध्ये जेम्स लाऊ यांच्या गटाने 516 गंभीर रुग्णांवर केलेला अभ्यास 2020 मध्ये प्रसिद्ध झाला. पोटविकारतज्ज्ञांना बोलावल्यापासून सहा तासांच्या आत एंडोस्कोपी केलेल्यांत 8.9 टक्के मृत्यू झाले. सहा ते चोवीस तासांत केलेल्यांत 6.6 टक्के. घाई केल्याने फायदा दिसला नाही. रक्त चढवण्याबाबतही असाच धडा बार्सिलोनाच्या 2013 मधल्या चाचणीने दिला. हिमोग्लोबिन सातच्या खाली गेल्यावरच रक्त दिलं, त्या गटातले 95 टक्के रुग्ण सहा आठवड्यांनी हयात होते. नऊच्या खाली जाताच सढळ हाताने रक्त दिलेल्या गटातले 91 टक्के. धो-धो रक्त जाणारे रुग्ण त्या चाचणीत घेतले नव्हते आणि हृदयविकार असेल तर हिशेब वेगळा, हे लक्षात ठेवायला हवं. तरीही ‘अजून दोन बाटल्या चढवा ना’ या आपल्याकडच्या आग्रहाला हे चोख उत्तर आहे.

रुग्ण सावरला की दुर्बीण आत जाते. इथून अल्सर आणि गाठ यांच्या वाटा वेगळ्या होतात.

अल्सरमध्ये बहुधा एकच रक्तवाहिनी उघडी पडलेली असते. व्रणाच्या तळाशी ती लालसर टिपक्यासारखी दिसते किंवा तिच्यातून चक्क धार उडते. डॉक्टर आजूबाजूला पातळ केलेलं अ‍ॅड्रेनलिन टोचतात, मग ती वाहिनी उष्णतेने भाजतात किंवा तिच्यावर धातूची क्लिप बसवतात. नेमकं ठिकाण असतं, नेमका वार होतो. कर्करोगाच्या गाठीत असं एक ठिकाण सापडतच नाही. गाठ वेगाने वाढते, त्यासाठी ती स्वतःच्या नव्या रक्तवाहिन्या तयार करून घेते आणि त्या घाईघाईने वाढलेल्या, पातळ भिंतीच्या, वेड्यावाकड्या असतात. वरचं आवरण कुजून गळत असतं. पावसाळ्यात भिंतीला ओल यावी तसं रक्त सगळ्या पृष्ठभागातून पाझरतं. फुटलेला नळ शोधून बंद करावा, असं काही तिथे नसतं. क्लिप लावायला गेलं तर ठिसूळ मांस फाटून क्लिप निखळते आणि तिथूनच नवं रक्त येतं. सुई टोचली, तर टोचल्या जागी रक्त. गाठीला नुसता नळीचा स्पर्श झाला तरी रक्त. अल्सरसाठी घासून-पुसून सिद्ध झालेली हत्यारं इथे बोथट ठरतात ती यामुळे.

म्हणून स्पर्श न करता रक्त थांबवता येईल का, हा प्रश्न पुढे आला. पहिलं उत्तर होतं आर्गॉन वायूचं. जर्मनीतल्या ट्युबिंगेनमध्ये 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला ही पद्धत लवचिक दुर्बिणीत आली. बारीक नळीतून आर्गॉनचा झोत सोडायचा आणि त्यातून वीज खेळवायची. निळसर ठिणगी गाठीला न टेकता तिच्या पृष्ठभागावर फिरते आणि वरचा एक-दोन मिलिमीटरचा थर भाजून काढते. पाझरणाऱ्या पृष्ठभागासाठी ही कल्पना उत्तम आहे आणि आजही ती रोज वापरली जाते. पण खोलवरची वाहिनी तिला पोचत नाही. भाजलेली खपली काही दिवसांनी सुटते, तेव्हा खालची गाठ जशीच्या तशी असते.

दुसरं उत्तर पावडरचं, आणि गेल्या दशकभरात सर्वाधिक चर्चा झाली ती याचीच. युद्धभूमीवरच्या जखमांसाठी वापरल्या जाणाऱ्या खनिज पावडरींपासून ही कल्पना निघाली. हेमोस्प्रे या नावाने मिळणारी पावडर बेंटोनाइट प्रकारच्या मातीची बनलेली असते. हाँगकाँगमध्ये जोसेफ सुंग यांच्या गटाने ती अल्सरच्या 20 रुग्णांवर वापरून 2011 मध्ये निष्कर्ष मांडले. अमेरिकेत तिला 2018 मध्ये परवानगी मिळाली.

काम कसं चालतं ते जवळून पाहण्यासारखं आहे. दुर्बिणीच्या बोगद्यातून बारीक कॅथेटर पुढे काढतात आणि त्याचं टोक गाठीपासून एक-दोन सेंटिमीटरवर ठेवतात. मागे कार्बन डायऑक्साइडची छोटी नळकांडी असते. बटण दाबलं की फुस्सकन पावडर सुटते आणि पडदा पांढराफटक होतो. दोन-चार क्षण डॉक्टर, परिचारिका, तंत्रज्ञ कुणालाच काही दिसत नाही. धूळ खाली बसली की दिसतं ते असं: जिथे रक्त होतं तिथे पावडरीने ओलावा शोषून घेतला आहे आणि घट्ट लिंपण तयार झालं आहे, जिथे कोरडं होतं तिथे ती नुसती भुरभुरून पडली आहे. म्हणजे वाहत्या रक्तावरच तिचा उपयोग, थांबलेल्यावर नाही. पावडर शरीरात शोषली जात नाही. लिंपण एक-दोन दिवसांत सुटून आतड्यांवाटे निघून जातं. एक साधीशी गोष्ट मात्र सगळा बेत बिघडवू शकते. कॅथेटरच्या टोकाला रक्ताचा वा पाण्याचा थेंब लागला, की पावडर आतच गोळा होऊन नळी तुंबते. म्हणून फवारणीआधी परिचारिका बोगद्यातून हवा सोडून तो कोरडा करते. या छोट्या कामाला कौशल्य म्हणायला हवं.

थायलंडमधल्या अनेक रुग्णालयांनी मिळून केवळ गाठींच्या रक्तस्रावावर चाचणी केली. 106 रुग्ण होते. काहींना पावडर, काहींना नेहमीचे उपचार. 2023 मध्ये निकाल प्रसिद्ध झाले. पावडरच्या गटात सगळ्यांचं रक्त जागेवर थांबलं, नेहमीच्या उपचारांत 68.6 टक्क्यांचं. पुढच्या तीस दिवसांत पुन्हा रक्तस्राव झाला तो अनुक्रमे 2.1 आणि 21.3 टक्के रुग्णांत. हा फरक डोळ्यांत भरणारा आहे. तरी एवढ्यावर सगळं ठरत नाही, कारण ब्राझीलमध्ये कर्करोगाच्या रुग्णांवर झालेल्या छोट्या चाचणीत रक्त जागेवर थांबलं, पण महिन्याभरातला पुनःरक्तस्राव किंवा मृत्यू पावडरमुळे घटले नाहीत. दोन्ही निकाल शेजारी ठेवले, की पावडरची खरी जागा कळते. ती काही दिवसांची उसंत देते. त्या उसंतीत काय करायचं, हा खरा उपचार.

आणि नेमक्या याच वेळी रुग्णाचा मुलगा किंवा सून डॉक्टरांना गाठते. “डॉक्टर, रक्त थांबलंय तर आता लगेच ऑपरेशन करून टाका ना. बाबांना परत त्रास नको.” मागणी रास्त वाटते. पण रक्त गमावलेल्या, खाणं तुटलेल्या, वजन उतरलेल्या माणसाचं जठर घाईघाईने काढणं फार जोखमीचं असतं. शिवाय अशा घाईत कर्करोग कुठवर गेला आहे हे नीट तपासलेलं नसतं आणि आजूबाजूच्या लसिका ग्रंथी शिस्तीत काढल्या जात नाहीत. थिओडोर बिलरोथ यांनी 29 जानेवारी 1881 रोजी व्हिएन्नात कर्करोगासाठी जठराचा भाग काढण्याची पहिली यशस्वी शस्त्रक्रिया केली. रुग्ण बाई शस्त्रक्रियेतून उठली, हिंडू-फिरू लागली आणि सुमारे चार महिन्यांनी त्याच कर्करोगाने गेली. सुरी कितीही कुशल असली, तरी पसरलेल्या रोगापुढे ती एकटी पुरत नाही.

दुर्बिणीने मिळालेल्या उसंतीत सीटी स्कॅन होतो, बायोप्सीचा रिपोर्ट येतो, नळीने किंवा शिरेतून पोषण सुरू होतं. काढता येण्यासारखी गाठ असेल, तर आज शस्त्रक्रियेआधी केमोथेरपी देण्याकडे कल आहे. जर्मनीतून आलेली ‘फ्लॉट’ ही चार औषधांची पद्धत दर दोन आठवड्यांनी देतात: चार वेळा शस्त्रक्रियेआधी, चार वेळा नंतर. म्हणजे गाठ आणखी सुमारे आठ आठवडे पोटातच राहणार. ती रोज पाझरत राहिली तर हे आठ आठवडे निभावणार कसे? रक्तस्राव थांबवण्याचं मोल इथे कळतं. गाठ काढता येण्यापलीकडे गेली असेल, तर रेडिओथेरपीचे मोजके डोस रक्त थांबवण्यासाठी देता येतात. त्यांचा परिणाम दिसायला काही दिवस लागतात, आणि ते दिवस पावडर किंवा आर्गॉन सांभाळून नेतं. तेही जमलं नाही, तर जांघेतल्या किंवा मनगटातल्या धमनीतून तार नेऊन गाठीकडची रक्तवाहिनी आतून बंद करतात. अशा रुग्णाच्या बाबतीत यश कशाला म्हणायचं? दर आठवड्याला रक्त चढवायला रुग्णालयात यावं लागलं नाही, घरी चार घास खाता आले, तर ते यशच आहे. याला कमी लेखणाऱ्यांनी दर आठवड्याची ती फेरी केलेली नसते.

पण सगळ्याच गाठी अशा नसतात. काही वेळा दुर्बीण रक्तही थांबवते आणि गाठही मुळासकट काढते.

यात पहिला मान जपानचा. जठराचा कर्करोग तिथे खूप, म्हणून तपासणीही खूप. त्यामुळे कर्करोग अगदी वरच्या अस्तरात असतानाच सापडू लागला. एवढ्याशा रोगासाठी अख्खं जठर का काढायचं, असा प्रश्न तिथल्या डॉक्टरांना पडला. उत्तरासाठी त्यांनी आधी भरपूर पुरावा गोळा केला. टोकियोतल्या दोन मोठ्या कर्करोग संस्थांत शस्त्रक्रिया झालेल्या 5,265 रुग्णांची जठरं आणि लसिका ग्रंथी गोतोदा आणि सहकाऱ्यांनी तपासून पाहिल्या. अस्तरापुरता, चांगल्या पेशीरचनेचा आणि 3 सेंटिमीटरपेक्षा लहान कर्करोग असलेले त्यात 1,230 जण होते. त्यांच्यातल्या एकाच्याही ग्रंथींत रोग गेलेला नव्हता. 2000 साली आलेल्या या आकड्याने दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेला पक्का पाया दिला. ग्रंथी काढायची गरजच नसेल, तर पोट उघडायचं कशाला?

त्यासाठी लागणारी सुरीही जपाननेच घडवली. 1990 च्या दशकात आलेल्या ‘आयटी नाइफ’ या सुरीच्या टोकावर चिनी मातीचा इवलासा गोळा बसवलेला असतो. वीज पात्यातून वाहते, गोळ्यातून वाहत नाही. त्यामुळे पातं कडेने कापतं आणि टोक जठराच्या भिंतीत घुसत नाही. जठराची भिंत अवघी काही मिलिमीटर जाड असते, हे ध्यानात घेतलं की त्या गोळ्याचं महत्त्व पटतं.

ही शस्त्रक्रिया एंडोस्कोपिक सबम्युकोसल डिसेक्शन म्हणून ओळखली जाते. डॉक्टर मंडळी ‘ईएसडी’ म्हणतात. रुग्ण भुलीत असतो. आधी गाठीच्या कडेपासून काही मिलिमीटर बाहेर, भोवतीने भाजून ठिपके काढतात. मग अस्तराखाली निळा रंग मिसळलेलं सलाईन किंवा त्याहून दाट द्राव टोचतात. अस्तर फुगून वर येतं आणि खालच्या स्नायूच्या थरापासून सुटं होतं. ठिपक्यांच्या बाहेरून गोल काप घेतला, की निळ्या द्रवात तरंगणारे पांढरट धागे दिसतात. तो जोडथर, तोच कापायचा. मध्ये लालसर दोऱ्यासारखी रक्तवाहिनी आडवी येते; कसलेला हात ती आधीच चिमट्यात धरून भाजतो आणि मग कापतो. रक्त आल्यावर थांबवण्यापेक्षा येण्याआधी थांबवणं, ही या कामातली शिस्त. तासाभरात, कधी तीन-चार तासांत, पापुद्रा अखंड सुटतो. तोंडावाटे बाहेर काढल्यावर तो चुरगळू नये म्हणून तिथेच पाटावर चहूबाजूंनी टाचण्यांनी ताणून बसवतात, कारण पॅथॉलॉजिस्टला त्याच्या प्रत्येक कडेला कर्करोग शिल्लक आहे का, हे पाहायचं असतं. जठरात मागे उरतो एक मोठा, स्वच्छ व्रण. आम्ल कमी करणाऱ्या गोळ्यांवर तो साधारण दोन महिन्यांत भरतो. रुग्णाचं जठर शाबूत राहतं.

धोके आहेतच. शंभरातल्या चार-पाच जणांना नंतरच्या दिवसांत त्या व्रणातून रक्तस्राव होतो. कधी भिंतीला भोक पडतं आणि ते क्लिपांनी तिथल्या तिथे बंद करावं लागतं. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांना जास्त जपावं लागतं. शिवाय पॅथॉलॉजीच्या रिपोर्टात रोग खोल गेलेला निघाला, तर पुढे शस्त्रक्रिया टळत नाही. हे आधीच समजावून सांगितलेलं असलं, म्हणजे नंतर फसवणूक झाल्यासारखं वाटत नाही.

दुसरा प्रकार ‘जिस्ट’चा. ही गाठ अस्तरात उगवत नाही, तर भिंतीच्या स्नायूच्या थरात, जठराच्या हालचालींचा ताल सांभाळणाऱ्या पेशींच्या कुळातून उगवते. वरचं अस्तर तिच्यावर गुळगुळीत ताणलेलं असतं. गाठ वाढली की मधोमध ते अस्तर झिजून बेंबीसारखा खड्डा पडतो आणि त्या खड्ड्यातून एकाएकी भरपूर रक्त येतं. कालपर्यंत धडधाकट असलेला माणूस रक्ताची उलटी करून कोसळतो, तो कित्येकदा या गाठीमुळे. दिलासा एवढाच, की इथे रक्त अनेकदा त्या खड्ड्यातल्या एका वाहिनीतून येतं. क्लिप आणि उष्णता कामी येतात. साध्या चिमट्याने घेतलेल्या बायोप्सीत मात्र वरचं निरोगी अस्तरच हाती लागतं आणि ‘कॅन्सर नाही’ असा फसवा दिलासा मिळतो. दुर्बिणीच्या टोकावर सोनोग्राफी असलेलं यंत्र वापरून गाठ कुठल्या थरात आहे ते पाहावं लागतं आणि त्यातूनच सुईने नमुना घ्यावा लागतो.

लहान जिस्ट दुर्बिणीने काढण्यात शांघायच्या झोंगशान रुग्णालयाने मोठी मजल मारली. गाठीपासून काही सेंटिमीटर अलीकडे अस्तराला छेद घ्यायचा, अस्तराखालून बोगदा करत गाठीपर्यंत जायचं, ती सोडवून त्याच वाटेने बाहेर आणायची आणि तोंड क्लिपांनी बंद करायचं. गाठ फुटून पेशी पोटात सांडू नयेत, ही इथली सगळ्यात मोठी काळजी. त्यामुळे मोठ्या किंवा अडचणीच्या जागच्या गाठींसाठी जपानमध्ये नाओकी हिकी यांनी 2008 मध्ये मांडलेला मार्ग अधिक सुरक्षित वाटतो. त्यात आतून दुर्बीण आणि बाहेरून लॅप्रोस्कोप, दोन्ही एकाच वेळी चालतात. आतला डॉक्टर नेमकी हद्द आखतो आणि बाहेरचा तेवढाच तुकडा काढून टाके घालतो. पसरलेल्या जिस्टसाठी इमॅटिनिब ही गोळी आहे. तिच्याच पेटंटचा दावा सर्वोच्च न्यायालयाने 1 एप्रिल 2013 रोजी फेटाळला आणि भारतीय कंपन्यांची स्वस्त गोळी रुग्णांच्या आवाक्यात राहिली.

आपल्याकडे ही कौशल्यं नाहीत असं नाही. हैदराबाद, मुंबईसारख्या शहरांत ईएसडी होते आणि तरुण डॉक्टर ती शिकतात. अडचण वेगळीच आहे. दक्षिण कोरियात चाळिशीनंतर दर दोन वर्षांनी सरकारी योजनेतून जठराची तपासणी होते. भारतात तशी योजना नाही, आणि मिझोरमसारखा भाग सोडला तर जठराच्या कर्करोगाचं प्रमाण इतकं नाही, की सरसकट तपासणी परवडावी. परिणाम असा, की अस्तरापुरता कर्करोग क्वचितच सापडतो आणि गाठ पहिल्यांदा कळते तीच रक्तस्रावाने, उशिरा. म्हणून चाळिशी-पन्नाशीपुढच्या पुरुषात किंवा पाळी थांबलेल्या स्त्रीमध्ये हिमोग्लोबिन विनाकारण उतरलं, तर नुसत्या लोहाच्या गोळ्यांवर सोडून देऊ नये. एकदा दुर्बिणीची तपासणी करून घ्यावी. सरसकट तपासणीची योजना नसताना हाताशी असलेली ही सगळ्यात सोपी वाट आहे.

गाठ दुर्बिणीने निघाली, जठर वाचलं, तरी पाठपुरावा संपत नाही. ज्या जठरात एक कर्करोग उगवला तिथे दुसरा उगवू शकतो, कारण ‘हेलिकोबॅक्टर पायलोरी’ हा जंतू तिथे अजून असू शकतो. बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांना या जंतूच्या शोधासाठी 2005 चं नोबेल मिळालं. कोरियात दुर्बिणीने सुरुवातीचा कर्करोग काढलेल्या रुग्णांपैकी निम्म्यांना जंतूवरची औषधं दिली, निम्म्यांना औषध नसलेल्या गोळ्या. पहिल्या गटात 7.2 टक्क्यांना नवा कर्करोग झाला, दुसऱ्या गटात 13.4 टक्क्यांना. म्हणून घरी सोडताना रुग्णाच्या हातात दोन कागद असायला हवेत: एक, जंतूच्या तपासणीचा आणि तो सापडल्यास दोन आठवड्यांच्या औषधांचा; दुसरा, पुढच्या एंडोस्कोपीच्या तारखेचा, आणि ती तपासणी त्यानंतर दर वर्षी.